हरणांचा सातबारा

न्यूझीलंडला जाऊन आलो असं म्हटलं, की मंडळी पहिला प्रश्न टाकतात, "मिलफर्ड साउंड पाहिलंत ना?" पाहिलं. ढगात डोकं खुपसून उभे असलेले कडे पाहिले, त्यांच्यावरून सरळ समुद्रात उड्या घेणारे धबधबे पाहिले, आणि कोकणातल्या आषाढालाही 'पुरे' म्हणायला लावील असा पाऊस पाहिला. पण त्याविषयी मी लिहिणार नाही. एक तर त्याचे फोटो आता घरोघरी झाले आहेत. आणि दुसरं म्हणजे, त्या प्रवासातलं मला जे राहून राहून आठवतं ते मिलफर्डला नाही, मिलफर्डच्या वाटेवर आहे. ते म्हणजे एक कुंपण.

क्वीन्सटाउन हे गाव आपल्याला तसं परकं नाही. २००० साली 'कहो ना... प्यार है' आला, तेव्हाच तिथलं निळं सरोवर आपल्या माजघरात येऊन बसलं. त्या गावाहून निघालेली बस वाकाटिपू सरोवराच्या काठाकाठानं दक्षिणेला उतरते, किंग्स्टनपाशी सरोवर संपतं, आणि मग दोन्ही अंगांना गवताचा मोकळा मुलूख लागतो. प्रवासी पेंगू लागतात ते इथेच. मे महिना होता. आपल्याकडे हापूसच्या पेट्या उतरत होत्या, आणि तिथे सकाळच्या गवतावर दव गोठून पांढरं झालेलं! मेंढरं दिसली, आणखी मेंढरं दिसली, मेंढरांसाठी घातलेलं कमरेएवढं तारेचं कुंपण दिसलं. आणि एकाएकी तेच कुंपण वाढत वाढत माणसाच्या डोक्यावर गेलं. सुमारे दोन मीटर उंच, जाळीचं, वीणेच्या तारेसारखं ताणून बसवलेलं.

"अहो, तुरुंग दिसतोय," सौ. म्हणाली.

तुरुंगात डोकावून पाहिलं, तर आत हरणं. दहा-वीस नव्हेत, शेकडो. तांबूस, धिप्पाड, बसच्या आवाजाला मान उचलून बघणारी आणि पुन्हा चरू लागणारी. पुढे मॉसबर्न नावाचं एवढंसं गाव लागलं. वस्ती आपल्या एखाद्या चाळीत मावेल इतकी, पण ऐट अशी, की आम्ही न्यूझीलंडच्या हरणांची राजधानी! शिंगाळ्या नराचा एक पुतळाही तिथे उभा केला आहे.

वाचकहो, हरीण म्हटलं की आपल्या मनात काय काय जागं होतं! सीतेनं हट्ट धरला तो हरणापायी. कण्वाच्या आश्रमात धनुष्य ताणून शिरू पाहणाऱ्या दुष्यंताला तपस्वी आडवे आले, ते हरणासाठी. आश्रमाची वेस ओलांडून आत आलेलं हरीण अवध्य, हा तिथला कायदा. आणि इथे तर नेमकं उलटं दिसत होतं. वेशीच्या आत असलेलं हरीण तेवढं खाण्यासाठी! शिवाय १९७२ सालापासून आपल्याकडे वन्यजीवांचा कायदा आहे. कात्रजच्या उद्यानात मुलांना चितळ दाखवावेत आणि घरी यावं, यापलीकडे आपला हरणाशी व्यवहार नाही. घरच्या गोठ्यात चितळ बांधलं, तर दुसऱ्या दिवशी वनखात्याची गाडी दारात. तेव्हा, ही एवढी हरणं बाळगायला या लोकांना परवानगी दिली कोणी, हा प्रश्न माझ्या मनात आला तो काही निव्वळ काव्यामुळे नव्हे. मी तीस वर्षं महापालिकेच्या परवाना खात्यात काढली आहेत. कोणी ताजमहाल दाखवला तरी त्याचा परवाना कुठे लावला आहे, हे मी आधी शोधतो, असं सौ. चारचौघांत सांगत असते. अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

उत्तर मिळायला वेळ लागला नाही, कारण आम्ही उतरणार होतो ते टे आनाउला, माझ्या भाचीकडे. तिचे यजमान गुरांचे डॉक्टर. लातूरकडचा हा मुलगा, म्हशींच्या पोटदुखीवर शिकला आणि आता पृथ्वीच्या दक्षिण टोकाला हरणांच्या माना तपासतो. तो म्हणाला, "मामा, उद्या एका फार्मवर क्षयाची चाचणी आहे. येता का? तिथला म्हातारा तुम्हाला तुमच्या आवडीचं सगळं सांगेल. कायदा-बियदा."

तो म्हातारा मला भेटला नसता, तर हा लेख झाला नसता. पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो माहीत नसला तर म्हाताऱ्याच्या बोलण्यातली मौज कळायची नाही.

न्यूझीलंडात मुळात हरीण नव्हतंच. वटवाघळं सोडली, तर जमिनीवरचं सस्तन जनावर म्हणून तिथे दुसरं काही नव्हतं. इंग्रज तिथे वसायला गेला आणि गड्याला विलायतेतल्या सरदारांच्या शिकारी आठवू लागल्या. १८५१ साली नेल्सन बंदरात तांबड्या हरणांपैकी पहिला नर उतरला, बिचारा एकटाच. दहा वर्षांनी, १८६१ मध्ये, एसेक्स परगण्यातून आणखी आली आणि संसार सुरू झाला. मग स्कॉटलंडमधून आली. सिलोनमधून आपला सांबरसुद्धा गेला. उत्तर बेटावर मानावाटूच्या बाजूला त्याचे वंशज अजून आहेत. चितळही ओटागोत सोडले होते, ते मात्र टिकले नाहीत. १९०५ साली अमेरिकेहून वापिटी आले. वापिटी म्हणजेच एल्क, तांबड्या हरणाचा थोरला भाऊ. त्यातले काही खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी भेट पाठवलेले होते. फिओर्डलंडच्या निर्मनुष्य किनाऱ्यावर, जॉर्ज साउंड नावाच्या खाडीत ते सोडण्यात आले.

या पाहुण्यांची बडदास्त अशी, की त्यांना मारायचं तर परवाना लागे. हंगाम ठरलेला, संख्या ठरलेली. वाघ नाही, लांडगा नाही, थंडी बेताची आणि चारा अमाप. पन्नास-साठ वर्षांत हरणांनी डोंगर भरून गेले. कोवळी झाडं खाल्ली गेली, रानाचा तळ उघडा पडला, उतारांवरची माती घसरू लागली. १९३० साली सरकारनं हरणांचं संरक्षण काढून घेतलं आणि १९३१ पासून पगारी शिकारी नेमले. कालपर्यंत मारायला परवाना लागे. आज मारणाऱ्याला पगार! १९५६ च्या कायद्यानं तर हरणाला सरळ 'उपद्रवी प्राणी' ठरवलं. आपल्याकडे अंदमानात इंग्रजांनी सोडलेले चितळ असेच माजले आहेत. पण तिथे त्यांच्या पाठीशी आपला कायदा उभा आहे आणि समोर अंदमानचं जंगल, आणि या दोघांची समजूत कोणी घालायची ते अजून सुटलेलं नाही.

असो. आपण म्हाताऱ्याकडे जाऊ.

फार्म टे आनाउच्या माळावर होतं. पश्चिमेला फिओर्डलंडचे डोंगर, ताज्या बर्फाची रेघ अंगावर ओढून बसलेले. घराच्या उन्हाच्या बाजूला, फाटकाला लागून, एका खुर्चीत म्हातारा बसलेला. वय सत्त्याऐंशी. मांडीवर घोंगडी, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि ओठ हलताहेत. मला वाटलं, जप चालला आहे. जवळ गेल्यावर कळलं, की ते गृहस्थ हरणं मोजत होते. मुलगा गडीमाणसांबरोबर एकेक कळप वाड्याकडे हाकत होता आणि फाटकातून जाणारं प्रत्येक डोकं म्हातारा मोजत होता.

"यांची मोजणी यंत्रात होते," भाचीचे यजमान माझ्या कानात म्हणाले, "पण बाबांचा आकडा जुळेपर्यंत कोणी जेवायला बसत नाही."

मी परवाना खात्यातला, हे कळल्यावर म्हाताऱ्याची कळी खुलली. माणूस बोलका होता. विशीत असताना तो सरकारी शिकारी होता. सहासहा महिने डोंगरात, पत्र्याच्या झोपडीत, पीठ, साखर आणि काडतुसं एवढ्या शिध्यावर. पगार थोडा, आणि वर प्रत्येक मारलेल्या जनावरामागे बक्षीस. पुरावा म्हणून शेपट्या आणून द्यायच्या. "साहेब दहादहाच्या जुड्या मोजायचा," तो म्हणाला, "एक कमी भरली तर पुन्हा मोजायचा. तिथून मला मोजायची सवय लागली."

पुढे पश्चिम जर्मनीत हरणाच्या मांसाला भाव आला. १९६० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या धंद्यात हेलिकॉप्टर शिरलं. टिम वॉलिस या धाडसी गृहस्थानं १९६३ साली ते डोंगरातून मारलेली हरणं बाहेर काढायला वापरलं, आणि मग सगळा दक्षिण मुलूख त्या घरघरीनं भरून गेला. आमचा म्हातारा दारात पाय लोंबकळत सोडून बंदूक चालवायचा. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की मेलेलं हरीण एकदाच विकलं जातं; जिवंत धरलं, तर दर वर्षी पाडस देतं. पण जिवंत धरून ठेवायचं कुठे? कायद्यानं तो उपद्रवी प्राणी. उंदीर पाळायचा परवाना मागावा तसं ते! वनखात्याला धास्ती, की पाळलेली पुन्हा सुटून रानात जातील. शेजाऱ्यांना धास्ती, की आमच्या गवतावर येतील. अखेरीस १९६९ साली नियम झाले. १९७० मध्ये उत्तर बेटावर टाउपोजवळच्या राहाना नावाच्या फार्मला पहिला परवाना मिळाला.

"आणि तुमचा?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं सुनेला हाक मारली. तिनं घरातून एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आणला. आत जुनी बिलं, एक जांभळी पडलेली फीत, काही फोटो, आणि अगदी तळाशी घडीवर फाटलेला एक कागद. न्यूझीलंड वनखात्याचा हरीण पाळण्याचा परवाना. मी आयुष्यात हजारो परवाने हाताळले. त्यांतल्या एकाशीही मला कधी नमस्कार करावासा वाटला नव्हता. जमिनीची हद्द, कुंपणाची उंची, तपासनीस येईल तेव्हा त्याला आत घेण्याची अट, खाली सही आणि शिक्का.

"मी याच खात्यासाठी हरणं मारली," तो म्हणाला, "आणि याच खात्यानं मला ती सांभाळायला दिली. सहीसुद्धा ओळखीच्या साहेबाची. शेपट्या मोजणाऱ्या."

एवढं बोलून तो हसला नाही. पुढे म्हणाला, की पहिल्या कळपातली बहुतेक हरणं त्यानं आणि त्याच्या एका दोस्तानं हेलिकॉप्टरमधून धरली. कधी जाळं टाकून, कधी चक्क वरून अंगावर उडी मारून. दोस्त दुसऱ्या वर्षी हेलिकॉप्टरसकट एका घळीत गेला. त्या काळात असे पुष्कळ गेले. डब्यातल्या फोटोंपैकी एक त्याचा होता. तरणाबांड पोरगा, बगलेत पाय बांधलेली हरिणी, आणि दोघांच्याही डोळ्यांत सारखीच हुरहूर.

धंदा वाढला. १९७५ मध्ये हरीण-शेतकऱ्यांचा संघ झाला. १९७७ च्या कायद्यानं 'उपद्रवी' हा शब्द गेला आणि 'रानटी प्राणी' हा आला. त्यातली व्याख्या परवाना खात्यातल्या माणसानं कौतुक करावी अशी आहे. तिथलं रानातलं हरीण राजसत्तेच्या मालकीचं. रीतसर मारलंत, की तुमचं. पण तेच हरीण भक्कम कुंपणाच्या आत असेल आणि त्याच्यावर ठरलेली ओळखखूण असेल, तर ते रानटी नव्हेच. ते गाय-मेंढीसारखं तुमचं धन. जनावर तेच, रक्त तेच, मधे दोन मीटर जाळी आणि कानात एक बिल्ला. जाळी तुटून ते बाहेर पडलं, की परत आणण्याची जबाबदारीही तुमचीच. कोणत्या भागात कोणती जात पाळता येईल, यावरही बंधनं आहेत. उत्तरेच्या टोकाला नॉर्थलँडच्या अरण्यात रानटी हरीण मुळीच नको असं सरकारचं धोरण असल्यामुळे तिथे हात फार आखडता.

आता मूळचा तो कागदी परवाना डब्यात गेला आहे. त्याची जागा घेतली आहे कानातल्या बिल्ल्यानं. १ मार्च २०१३ पासून तिथल्या पाळीव हरणांना विद्युत्‌ बिल्ला सक्तीचा झाला. पाडस जन्मल्यापासून १८० दिवसांच्या आत, किंवा फार्मबाहेर पाऊल टाकण्याआधी, जे लवकर असेल तेव्हा तो टोचायचा. त्यात एक लांबलचक आकडा. जनावर एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर गेलं, की ४८ तासांच्या आत राष्ट्रीय यादीत नोंद. कोण कुठे जन्मलं, कोणाच्या दारात किती दिवस राहिलं, सगळं त्या आकड्यामागे. मी म्हटलं, "म्हणजे आमचा सातबाराच की!" भाचीच्या यजमानांनी त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितल्यावर म्हातारा म्हणाला, "तुमच्याकडे जमिनीला कान असतात का?" मी म्हटलं, जमिनीला नसतात, पण तलाठ्याला असतात.

हे सगळं कशासाठी, ते वाड्यात गेल्यावर कळलं.

हरणांचा वाडा म्हणजे अंधारी, उंच लाकडी भिंतींची बखळ. उजेडात हरीण बिथरतं. अंधारात शांत राहतं. एकेक हरिणी एका पिंजऱ्यात यायची, दोन्ही बाजूंच्या गादीदार फळ्या हलकेच तिला चेपून धरायच्या, आणि आमचे डॉक्टर मानेवरचे केस यंत्रानं भादरून तिथे कातडीच्या आत एक थेंबभर औषध टोचायचे. इतकंच. फळ्या सुटल्या, की ती पलीकडच्या दारातून बाणासारखी जायची. ७२ तासांनी पुन्हा हेच. त्या वेळी टोचलेल्या जागी सूज आहे का हे बोटांनी चाचपायचं. सूज आली, तर क्षयाचा संशय.

हा क्षय तिथे गाईंना होतो, हरणांना होतो, आणि तो पसरवण्यात मोठा वाटा आहे पॉसम नावाच्या, मांजराएवढ्या, झाडावरच्या प्राण्याचा. हा प्राणीही तिथला नव्हे. फरच्या टोप्यांचा धंदा करावा म्हणून गेल्याच्या गेल्या शतकात ऑस्ट्रेलियातून मुद्दाम आणलेला! हौसेनं आणलेल्या हरणाला हौसेनं आणलेल्या पॉसमानं छळावं, आणि दोघांवर मिळून सरकारनं कोट्यवधी डॉलर खर्च करावेत, हा न्याय बघून मला आपल्या नगरपालिका फार जवळच्या वाटू लागल्या.

प्रत्येक कळपाला सरकारदरबारी एक दर्जा असतो. निर्दोष, आणि पुढे किती वर्षं निर्दोष त्याचा आकडा. पाडसं विकत घेणारा पहिल्यांदा हे अक्षर पाहतो, मग जनावर. एका हरिणीची मान सुजली, तर तपास होईपर्यंत दर्जा स्थगित, आणि मग फार्मवरून एक शेपूटही मोकळेपणानं हलत नाही. म्हाताऱ्याच्या मुलानं यंदाची दूध तुटलेली सव्वाशे पाडसं एका गिऱ्हाइकाला कबूल केली होती. गाडी पुढच्या सोमवारी यायची होती. हिवाळा तोंडावर. चारा साठवला होता तो पाडसं गेल्यावर उरणाऱ्या तोंडांपुरता. बँकेचा हप्ता त्याच पैशांतून. हे सगळं त्यानं मला चहा ओतताना दोन वाक्यांत सांगितलं आणि लगेच क्रिकेटवर आला. तिकडचे लोक अडचण फार वेळ बोलत नाहीत. आपल्यासारखी ती चघळायची कला त्यांना अवगत नाही.

मधल्या दोन दिवसांत आम्ही मिलफर्डला जाऊन आलो. ते वर सांगितलंच.

तिसऱ्या दिवशी पुन्हा वाड्यात. एक हरिणी, दुसरी, दहावी, पन्नासावी. डॉक्टरांची बोटं मानेवर, तोंडातून एकच शब्द, "ठीक." फार्मवाला हातातल्या यंत्रात आकडा टिपतो आहे. मी कोपऱ्यात उभा. नरांची शिंगं कापायची जागाही याच वाड्यात, ती मला मुलानं दाखवली. वसंतात नवं शिंग फुटतं तेव्हा ते मऊ, रक्तानं भरलेलं आणि मखमलीसारख्या लवेचं असतं. दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंतही वाढतं. ते तसं असतानाच कापतात, कोरिया-चीनमध्ये औषधासाठी त्याला मोठी मागणी. आपल्याकडेही वैद्य शृंगभस्म देत, पण ते कठीण शिंगाचं. मऊ शिंगात मज्जातंतू असतात, म्हणजे कापताना दुखणारच. म्हणून तिथे ते बधिर केल्यावाचून कापता येत नाही. पशुवैद्यानं कापावं, किंवा त्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या आणि प्रमाणपत्र असलेल्या शेतकऱ्यानं. २०१८ च्या नियमांनी हे कायद्यात पक्कं केलं. इंग्लंडनं तर १९८० सालीच मऊ शिंग कापायला सरळ बंदी घातली. मला विचाराल, तर बरोबर इंग्लंडचं वाटतं. पण शाकाहारी नसलेल्या माणसानं हे किती जोरात म्हणावं, हा प्रश्न आहे. शेतकऱ्यानं आपलं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं होतं. मुदत तपासली. चालू होती.

आणि तेवढ्यात 'ठीक' आलं नाही.

डॉक्टरांची बोटं एका मानेवर थांबली. पुन्हा चाचपलं. मोजमापाचं कैवार लावलं. वाड्यात हरणांच्या श्वासांखेरीज आवाज नाही. फार्मवाल्यानं मान वळवून पाहिलं आणि काही न विचारता यंत्रातला आकडा पुन्हा वाचून दाखवला. हरिणी उमदी होती, सहा-सात वर्षांची. तिची कातडी भादरलेल्या जागी वाटाण्याएवढी उचललेली. ती आमच्याकडे बघत नव्हती. दार उघडायची वाट पाहत होती.

"रक्ताची चाचणी करता येईल," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर कत्तलखान्यात पाठवून आतून बघायचं. ते लवकर होईल."

"लवकर," फार्मवाला म्हणाला.

या निर्णयाविषयी बाहेर आल्यावर म्हाताऱ्यात आणि मुलात जे बोलणं झालं, ते मी ऐकलं नसतं तर बरं. म्हाताऱ्याचं म्हणणं, रक्त घ्या, थांबा. ती त्याच्या पहिल्या कळपातल्या एका हरिणीच्या वंशातली. मुलाचं म्हणणं, थांबायला चारा नाही. दोघांचंही खरं होतं. म्हाताऱ्यानं सरकारला दोन शिव्या दिल्या, आणि मग माझ्याकडे वळून, जणू मी त्या सरकारचा वकील, विचारलं, "तुझ्या खात्यात असं होतं का? सगळं नियमानं, आणि तरी चूक?"

मी त्याला अमेरिकेची गोष्ट सांगितली. आदल्या रात्री डॉक्टरांनी मला सांगितली होती. तिथे हरणं-एल्क पाळण्याचे नियम राज्याराज्यांचे वेगळे. १९६७ साली कोलोरॅडोत, बंदिस्त हरणांत, एक रोग प्रथम दिसला. मेंदू पोखरणारा, जनावराला झिजवून मारणारा, औषध नसलेला. पुढे तो बंदिस्त कळपांतही सापडला, रानातही. कुठून कुठे गेला यावर भांडणं झाली, आणि २००० साली मोंटाना राज्याच्या मतदारांनी नवी शिकार-फार्मं काढायलाच मतपेटीतून बंदी केली. न्यूझीलंडात तो रोग आजवर आढळलेला नाही. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे मला ठाऊक आहे. मी ते विचारलं नव्हतं."

त्या रात्री जेवायला त्यांनी आग्रहानं ठेवून घेतलं. सौ. बटाटे आणि कोबी खाऊन उठली. मी मासे खाणारा, मृगमांसाच्या पहिल्या घासाला सुवर्णमृग आठवला आणि दुसऱ्या घासाला मीठ कमी वाटलं. २००४-०५ च्या सुमारास सतरा लाखांच्या घरात असलेली तिथली पाळीव हरणं आता निम्म्याहून कमी झाली आहेत, असं सून सांगत होती. दुधाला भाव आला, तेव्हा पुष्कळांनी उंच कुंपणं काढून गाई घेतल्या. "आम्ही नाही काढलं," ती म्हणाली. म्हातारा बोलत नव्हता.

आम्ही डोंबिवलीला परतलो. जुलैत भाचीचं पत्र आलं; पत्र म्हणजे आता मोबाइलवरच, पण तिनं मजकूर चांगला दोन पानांचा लिहिला होता. हरिणीला आतून तपासलं, तेव्हा कुठे गाठ दिसली नाही. नमुने प्रयोगशाळेत गेले; क्षयाचे जंतू वाढायचे तर आठवडे लागतात, तेवढे लागले. काही निघालं नाही. कळपाचा दर्जा परत मिळाला, मागच्या वर्षांच्या आकड्यासकट. तोवर पाडसांसाठी चारा विकत घ्यावा लागला, आणि गिऱ्हाइकानं भाव थोडा पाडला तो पाडलाच. हरिणीच्या पोटात नुकताच गर्भ राहिलेला होता.

पाडसांची गाडी अखेर एका सोमवारी आली. सकाळी धुकं फार होतं, तरी म्हाताऱ्यानं खुर्ची फाटकाशी मांडायला लावली. यंत्रानं १२५ दाखवली. म्हाताऱ्यानं १२४ मोजली, आणि गाडी थांबवून सगळी पुन्हा उतरवायला लावली.